थंडीतला समुद्र आणि आपल्याकडचा वारा

ताई आणि भाऊजींनी लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त मुंबईहून गोव्याला जहाजाने जायचे ठरवले, तेव्हा नोंदणीसाठी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका प्रवासी कार्यालयात मी ताईसोबत गेले होते. टेबलापलीकडचा मुलगा अदबशीर होता. त्याने खोल्यांची छायाचित्रे दाखवली, जेवणाच्या वेळा सांगितल्या, शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो याची दोनदा खात्री दिली. ताईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग तिला मनापासून विचारायचा होता तो एकच प्रश्न विचारला, "जानेवारीत समुद्र कसा राहते हो?" मुलगा हसून म्हणाला, "एकदम शांत, काकू. आपला फुटाळा तलाव आहे ना, तसा." ताईने मान डोलावली, सही केली, पैसे भरले. जिना उतरताना मात्र तिने माझा हात घट्ट धरला. "तो शांत-शांतच म्हणून राहिला होता. मला चिखलदऱ्याच्या घाटात गाडी लागते, बोटीत काय होईल गं?"

त्या मुलाचे उत्तर खोटे नव्हते. कोकणचा समुद्र थंडीत बहुतेक दिवस खरोखरच शांत असतो, आणि गिऱ्हाइकाला धीर देणे हे त्याचे कामच होते. तरीही ते उत्तर मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिले. सत्तरी ओलांडलेली, सगळे आयुष्य नागपुरात काढलेली एक बाई पहिल्यांदा समुद्रावर रात्र काढायला निघाली आहे आणि तिच्या हाती आपण एवढेच देतो? कोकणातून कुणी पाहुणा मे महिन्यात आपल्याकडे यायचा असला, तर "थोडे गरम असते" एवढे सांगून आपण थांबत नाही. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, डोक्याला दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा, कूलरमध्ये पाणी संध्याकाळी भरा, असे तास-तास धरून सांगतो, कारण ते ऊन आपण अंगावर घेतलेले असते. समुद्राबद्दलही असेच तासांनी, दिशांनी आणि महिन्यांनी सांगता येते. ते ताईला सांगायचे मी ठरवले, आणि सांगता सांगता माझ्याच मनात बरेच काही वर आले.

मी शाळेत भूगोल शिकवीत होते. खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की, आजही डोळे मिटून काढू शकेन. डावीकडे निळ्या खडूने पाणी, उजवीकडे तपकिरी खडूने जमीन, दिवसा खाऱ्या वाऱ्याचा बाण पाण्याकडून जमिनीकडे, रात्री मतलई वाऱ्याचा जमिनीकडून पाण्याकडे. समोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी अंबाझरी तलावापेक्षा मोठे पाणी पाहिलेले नसे. एखादा मुलगा विचारी, "बाई, तो वारा अंगाला कसा लागतो?" मी पुस्तकातले उत्तर देई : दमट, थंड. निवृत्तीनंतर एका जानेवारीत आम्ही दोघे त्याच मार्गावरच्या जहाजाने गेलो आणि त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला डेकवर उभे राहिल्यावर मिळाले. ते त्या वर्गाला आता सांगता येणार नाही, याची थोडी हळहळ अजून आहे. पण आनंद त्याहून मोठा होता. जे इतकी वर्षे बाण म्हणून काढले, ते कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर, ओठांवर खारट होऊन येत होते.

थंडीत कोकणचा समुद्र शांत का, याचे कारण शोधायला समुद्राकडे पाहून चालत नाही, आपल्याकडे पाहावे लागते. लाट उठायला तीन गोष्टी लागतात : वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहतो तो काळ, आणि पाण्यावरून तो किती अंतर अडथळ्याविना धावतो ते अंतर. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा हजारो किलोमीटर उघड्या पाण्यावरून येतो, आठवडेच्या आठवडे येतो, म्हणून जून-जुलैत त्या किनाऱ्यावर चार-पाच मीटरांच्या लाटा उठतात आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नोव्हेंबरपासून हे सगळे उलटते. उत्तर भारतातली जमीन थंड होते, तिच्यावरची हवा जड होते आणि ती हवा दक्षिणेकडे, समुद्राकडे पसरू लागते. हा ईशान्येचा वारा विदर्भावरून जातो, मराठवाड्यावरून जातो, सह्याद्रीवरून उतरतो आणि मग कोकणच्या पाण्याला लागतो. किनाऱ्यालगत तो नुकताच पाण्यावर पाऊल टाकत असतो. लाट उभी करायला त्याला जागाच मिळालेली नसते, शिवाय डोंगर ओलांडताना त्याचा जोरही मोडलेला असतो. डिसेंबरात आपल्या गच्चीवर ओठ फुटतात, तूप थिजते, पापड-कुरडया दिवसभरात खणखणीत वाळतात, तो कोरडा वारा आणि मालवणच्या पाण्यावरची नितळ सकाळ, या दोन्हींचे मूळ एकच आहे.

हे समजले तेव्हा मला फार बरे वाटले होते.

बंगालच्या उपसागराचे गणित नेमके याच्या उलट आहे आणि नागपूरकराने तेही लक्षात ठेवावे, कारण आपले पाणी तिकडे जाते. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीतून पूर्वेच्या समुद्रात उतरते. तिथे हाच ईशान्य वारा अख्खा उपसागर ओलांडून येतो. त्याला पळायला मोकळे पाणी मिळते, तो वाटेत बाष्प उचलतो, आणि म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर हा चेन्नईच्या बाजूला पावसाचा आणि खवळलेल्या पाण्याचा काळ असतो. तेव्हा "थंडीत समुद्र शांत असतो" हे वाक्य पश्चिम किनाऱ्याचे आहे. चेन्नईहून जहाजाने निघणाऱ्या माणसाने ते आपल्यासोबत नेऊ नये. त्याने फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबलेले बरे.

आता प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते. मुंबई बंदरातले पाणी गढूळ, मातकट हिरवे असते आणि तिथे लाट म्हणावी अशी नसतेच, भरती-ओहोटीची ओढ तेवढी असते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-साडेचार मीटरांचे अंतर पडते, गोव्याला ते दोन मीटरांच्या आसपास उरते. त्यामुळे दोन्ही टोकांची बंदरे एकाच किनाऱ्याची असूनही त्यांचा चिखल, त्यांचे धक्के, त्यांचे वास वेगळे वाटतात. कुलाब्याच्या टोकाचे प्रोंग्ज दीपगृह मागे पडले की पाण्याचा रंग पालटू लागतो आणि जहाजाच्या अंगात पहिली हालचाल जाणवते. ही जहाजे बहुधा दुपारनंतर सुटतात आणि ताईला मी आवर्जून सांगितले ते इथलेच. थंडीच्या दिवसांत जमीन दुपारपर्यंत चांगली तापते आणि सकाळी अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी तीन-चारला तो ऐन भरात असतो. म्हणजे जहाज सुटते तेव्हा पाणी दिवसातल्या सर्वांत जागत्या अवस्थेत असते. अर्ध्या-पाऊण मीटरच्या आखूड लाटा, अधूनमधून त्यांच्या माथ्यावर फुटणारा पांढरा फेस, कठड्याशी उभे राहिले तर चष्म्यावर बसणारा बारीक तुषार. पहिल्यांदा जाणारा माणूस घाबरून म्हणतो, आत्ताच असे आहे तर रात्री काय होईल? रात्री ते बहुधा कमी होते. सूर्य गेला की वाऱ्याचा जोर ओसरतो आणि आठ-नऊपर्यंत पाणी बसू लागते.

सूर्यास्ताबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण त्यासाठी लोक जागा धरून बसतात. थंडीत किनाऱ्याच्या हवेत धुरकट थर साचून राहतो, थंड जड हवा वर उठत नाही म्हणून धूळ-धूर खालीच अडकतात. त्यामुळे सूर्य पुष्कळदा पाण्याला टेकतच नाही. क्षितिजाच्या वर तीन-चार बोटांवर तो आधी लाल, मग तांबूस-राखी होतो आणि तिथेच विरून जातो. मला ते पाहून रुखरुख वाटली, आणि त्याच वेळी तो रंग अनोळखीही वाटला नाही. डिसेंबरात आपल्याकडे शेकोट्यांच्या आणि गाड्यांच्या धुरात सूर्य असाच बुडतो.

रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली. खोलीत अंधार होता, कपाटातले हँगर एकमेकांना अगदी हलके लागत होते, आणि पलंगाखालून यंत्राची घरघर एकसुरी येत होती. ह्यांना न उठवता मी शाल घेऊन वर डेकवर गेले. कठड्याला हात लावला तर तो ओला होता. पाऊस नव्हता, दव होते. थंडीत समुद्राचे पाणी सव्वीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास कोमट राहते, हवा त्याहून थंड होते आणि रात्री उघड्यावरच्या प्रत्येक लोखंडावर, खुर्चीवर, दोरावर दव जमते. त्यात मीठ असल्यामुळे ते बोटांना चिकटते, आपल्या गच्चीवरच्या दवासारखे पुसून जात नाही. पाणी काळे आणि सपाट होते. फक्त जहाज कापत जाई तिथे दोन्ही बाजूंना पांढरी घडी उलगडत होती. आणि मग डावीकडून, जमिनीच्या बाजूने वारा आला. फार हलका, कोरडा, आणि त्याला वास होता : वाळलेल्या गवताचा, कुठल्या तरी चुलीच्या धुराचा, मातीचा. किनारा दिसत नव्हता, दूरवर एक दीपगृह ठरावीक वेळाने लुकलुकत होते, पण जमीन तिथे आहे हे नाकाला कळत होते. मतलई वारा. इतकी वर्षे तपकिरी खडूने काढलेला तो बाण. मी तिथे कितीतरी वेळ उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले.

म्हणून थंडीच्या समुद्रात सर्वांत चांगली वेळ कोणती असे कुणी विचारले, तर पहाटे चार ते सकाळी नऊ, असे मी सांगते. तेव्हा खारा वारा सुरू झालेला नसतो, मतलई वारा मंदावत असतो आणि दोन्हींच्या मधल्या त्या वेळात पाण्यावर तेलाची साय धरल्यासारखी तकाकी येते. डॉल्फिन दिसायचे असतील तर याच वेळी दिसतात, कारण पाणी हलत नसले की त्यांची पाठ लगेच लक्षात येते. कोकणातल्या काही किनाऱ्यांवर थंडीत रात्री लाट फुटताना जो निळसर-हिरवा उजेड चमकतो, तो नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे. जहाजावरून तो पाहायचा तर दिव्यांपासून दूर, मागच्या बाजूच्या अंधाऱ्या कोपऱ्यात थांबावे लागते आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी लागते.

आता ताईच्या मूळ काळजीकडे येते. गाडी लागते तशीच बोटही लागते आणि कारणही तेच आहे : आतल्या कानाला हालचाल कळते, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, आणि या दोन साक्षी जुळत नाहीत. पण हेलकाव्याचा प्रकार फरक पाडतो. सुमारे पाच सेकंदांना एक या गतीने होणारी वर-खाली हालचाल माणसाला सर्वांत जास्त मळमळवते. लहान होडी थंडीतल्या आखूड लाटांवर जवळजवळ याच गतीने नाचते, म्हणून मांडव्याच्या लाँचमध्ये किंवा तारकर्लीच्या होडीत ज्याला त्रास झाला, त्याला मोठ्या जहाजात तो होईलच असे नाही. खोल पाण्यात चार सेकंदांच्या लाटेची लांबी पंचवीस मीटर भरते, सात सेकंदांच्या लाटेची पंचाहत्तर. दीडशे-दोनशे मीटरांचे जहाज अशा कितीतरी लाटांवर एकाच वेळी टेकलेले असते, एक त्याला उचलते तोवर दुसरी सोडत असते, आणि त्यामुळे एकूण हालचाल फार थोडी उरते. शिवाय मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखांसारखी पाती असतात, ती डावी-उजवी डोलणी बरीच कमी करतात. पुढचे टोक वर-खाली होणे मात्र ती थांबवू शकत नाहीत. म्हणून खोली निवडताना मी ताईला मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्यायला लावली, जरी वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची खोली छायाचित्रात जास्त देखणी दिसत होती. जहाज आपल्या मध्याभोवती झुलते. टोकाला आणि उंचावर तीच हालचाल कितीतरी पटींनी मोठी होऊन येते. बाकीचे उपाय तिला ठाऊकच होते : रिकाम्या पोटी राहू नये आणि तुडुंब जेवूही नये, आवळासुपारी तोंडात ठेवावी, आले-लिंबू घ्यावे, मोबाइलमध्ये डोके घालून बसू नये, बाहेर येऊन क्षितिजावर नजर लावावी. गोळी घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून आणि मळमळ सुरू होण्याच्या आधी घ्यावी, कारण ती सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. वयस्कर माणसाला त्या गोळीने झोप येते, तोल जातो, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

हे सगळे शांत दिवसांचे झाले. पण थंडीतला समुद्र रोज असाच नसतो, आणि नेमके हेच त्या मुलाने सांगायला हवे होते.

कधी कधी आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूकही नसते आणि तरी लांब, रुंद पाठींच्या लाटा वायव्येकडून एकामागून एक येत राहतात. त्या इथल्या वाऱ्याच्या नसतात. थंडीत इराणच्या आखातावरून आणि अरबस्तानावरून शमाल नावाचा जोरदार वायव्य वारा सुटतो. तो अरबी समुद्राच्या त्या कोपऱ्यात लाटा उठवतो आणि त्या लाटा वाऱ्याला मागे सोडून दोन-तीन दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या शमाल लाटांचा सविस्तर अभ्यास केला आहे. आकाश निरभ्र, ऊन कोवळे, आणि जहाज मात्र संथपणे डोलते आहे, असे झाले तर घाबरण्याचे कारण नसते. कुठे तरी दूर वारा वाहून गेला आहे, एवढेच ते असते. असेच दुसरे पाहुणे म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून येणारी ही कमी दाबाची प्रणाली उत्तर भारतावरून सरकली की तिच्या मागोमाग अरबी समुद्राच्या उत्तर भागात वारे जोर धरतात. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईवर जी पांढरट धूळ उतरली होती, ती अशाच जोरदार वाऱ्यांबरोबर समुद्रावरून आलेली होती. या विक्षोभांची आपल्याला वेगळी ओळख आहे. जानेवारी-फेब्रुवारीत हे विक्षोभ आणि पूर्वेकडची दमट हवा यांची गाठ विदर्भावर पडली की गारपीट होते, हरभरा झोडपला जातो, गहू लोळतो, संत्र्याचा बहर गळतो. काटोल-वरुडकडून तशी बातमी आली की मला हल्ली हटकून कोकणच्या पाण्याचीही आठवण येते.

आणि चक्रीवादळ. अरबी समुद्रात त्यांचे दोन हंगाम आहेत, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, आणि दुसऱ्याची शेपटी डिसेंबरात येऊ शकते. २०१७ मध्ये ओखी हे वादळ नोव्हेंबरच्या अखेरीस केरळच्या दक्षिणेकडून अरबी समुद्रात शिरले, किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि ५ डिसेंबरला मुंबईत भर हिवाळ्यात पाऊस पडला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. केरळ-तमिळनाडूकडच्या कितीतरी मच्छीमार बोटी तेव्हा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आश्रयाला आल्या होत्या. त्या वादळात दक्षिणेकडे कितीतरी कोळी परतलेच नाहीत, हे विसरून नुसत्या सहलीचे बोलणे मला जमत नाही. म्हणून थंडीतल्या सहलीसाठी महिना निवडायचा झाला तर मी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापेक्षा जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर निवडेन. वादळाचा काळ तोवर सरलेला असतो. फेब्रुवारीत दुपारचा वायव्य वारा थोडा वाढतो, ते सहन होण्यासारखे असते.

माझ्या सासूबाई देवगडच्या. लग्नानंतर त्या नागपूरला आल्या आणि समुद्राबद्दल फारसे बोलत नसत, पण थंडीच्या रात्री शेगडीजवळ बसल्या की आगबोटीचा विषय निघे. त्यांच्या लहानपणी मुंबईहून येणारी आगबोट देवगडला धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राही आणि प्रवासी पडावात, म्हणजे होडीत, उतरत. पावसाळ्यात ती वाहतूक बंदच असे, त्यामुळे माहेरी येणे-जाणे सगळे दसरा-दिवाळीनंतरचे. शांत म्हणाव्या अशा थंडीच्या समुद्रातही तो पडाव आगबोटीच्या पोटाशी एवढा वर-खाली होई की बायका डोळे मिटून घेत. त्यांच्या आईने त्यांना शिकवले होते, "पडाव वर इलो की पाय टाकूचो, खाली गेलो की थांबाचा." सासूबाई हे सांगताना नकळत पाटावरून पाय उचलून दाखवीत, हाताने पडावाचे वर-खाली होणे दाखवीत, आणि तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर नागपूरचे काहीच उरत नसे. आजही जहाजाच्या प्रवासात सर्वांत जपायची जागा हीच आहे. लक्षद्वीपला मोठे जहाज प्रवाळाच्या कडेबाहेर उभे राहते आणि लहान बोटींतून बेटावर जावे लागते. थांबलेल्या जहाजाची पाण्याखालची ती पंखांसारखी पातीही तेवढी काम देत नाहीत, कारण त्यांना वाहत्या पाण्याचा जोर लागतो. जहाजावर सुखाने जेवलेला माणूस नेमका तिथे भांबावतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तो टप्पा आधी विचारून घ्यावा आणि खलाशाने हात पुढे केला की संकोच न करता त्याचे मनगट धरावे, त्याला आपले धरू द्यावे. मुंबई-गोवा मार्गावर दोन्हीकडे जहाज धक्क्याला लागते, म्हणून ताईला ही चिंता नव्हती.

जाताना आणि येताना समुद्र सारखा नसतो, हेही तिला सांगितले. दिवसाचा खारा वारा आणि लाटा दोन्ही मुख्यतः वायव्येच्या, आणि कोकणचा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण. गोव्याकडे जाताना लाटा मागून, उजव्या खांद्यावरून येतात आणि जहाजाला जणू पुढे सरकवतात. परतताना जहाज त्यांच्या तोंडावर जाते. जहाजाचा वेग ताशी अठ्ठावीस किलोमीटर आणि वारा वीसचा, जाताना सरळ मागून आणि येताना सरळ समोरून धरला, तर जाताना डेकवर जेमतेम आठ किलोमीटरची झुळूक लागते, येताना तीच अठ्ठेचाळीसची होते, साडीचा पदर हातात धरून ठेवावा लागतो आणि कानांत वारा घोंघावतो. त्याच समुद्रात, त्याच लाटांत, जहाजाचे नाक वर-खाली होताना जाणवते. जाताना काही झाले नाही म्हणून येताना गोळी घ्यायची राहून जाते आणि पुष्कळांना परतीच्या दुपारीच त्रास होतो. स्वेटर मात्र नागपूरचा नेऊ नये. आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, तिथे पहाटेही तो बहुधा अठरा-वीसवर थांबतो. एक शाल आणि कान झाकायला रुमाल पुरतो.

निघायच्या आधी चार-पाच दिवस लाटांचा अंदाज पाहावा. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था किनाऱ्याच्या प्रत्येक भागासाठी तो रोज देते. त्यात लाटेची उंची दिलेली असते, ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे एक मीटर लिहिले असले तरी एखादी लाट जवळजवळ दुपटीची येऊ शकते, आणि त्यात वावगे काही नसते. सव्वा मीटरपर्यंतचा आकडा मोठ्या जहाजातल्या माणसाला जाणवेल-न जाणवेल असा. सव्वा ते अडीच मीटरमध्ये चालताना भिंतीचा आधार घ्यावासा वाटतो, चहाचा कप अर्धाच भरावा लागतो. अडीचच्या वर गेला तर तो थंडीतला नेहमीचा समुद्र नव्हे, तेव्हा कंपनी काय ठरवते ते विचारावे. उंचीइतकेच लाटेच्या कालावधीकडे पाहावे. चार-पाच सेकंद म्हणजे इथल्या वाऱ्याची आखूड लाट, सात-आठ किंवा त्याहून जास्त म्हणजे दुरून आलेली. भाऊजींनी हे आकडे एका वहीत रोज लिहून ठेवायला सुरुवात केली आणि ताईची भीती त्या आकड्यांबरोबर कमी होत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले.

सर्वांत शेवटी तिला एक गोष्ट सांगितली, जी कुणीच आधी सांगत नाही. जहाजातून उतरल्यावर जमीन डोलते. आम्ही नागपूरला घरी आलो, मी न्हाणीघरात डोळे मिटून केसांना शिकेकाई लावत होते आणि पायाखालची फरशी हलकेच उचलली गेली, मग खाली बसली, पुन्हा उचलली गेली. भिंतीला हात टेकून मी उभी राहिले. शरीराने समुद्राशी जे जुळवून घेतलेले असते, ते सोडायला त्याला थोडा वेळ लागतो. बहुतेकांचे ते एक-दोन दिवसांत आपोआप थांबते, लांबले तर डॉक्टरांना दाखवावे. वयस्कर माणसाला याची कल्पना नसली तर चक्कर आली, रक्तदाब वाढला म्हणून घर घाबरते. ताईला मी सांगितले आहे की, आल्यावर दोन दिवस न्हाणीघरात स्टुलावर बसूनच आंघोळ कर, आणि जिना उतरताना कठडा धर.